परीक्षा पुष्कळ, पण निदान कोठे?

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत परीक्षाच उरल्या नाहीत, अशी तक्रार काही वर्षांपूर्वी पालक, पुढारी आणि वृत्तपत्रे सारख्याच आवेशाने करीत असत. आज त्या तक्रारीला जागा राहिलेली नाही. २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाखाली पायाभूत व संकलित चाचण्या राज्यभर सुरू झाल्या. २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी राज्यस्तरावरून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. २०२३ मध्येच नियमांत दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा निर्णायक स्थान मिळाले. या परीक्षेत जे मूल उतरणार नाही, त्याला पुनर्परीक्षेची संधी आहे. पण तेथेही ते अडले, तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. म्हणजे परीक्षांची संख्या वाढली आहे, आणि एका अपयशाची किंमतही वाढली आहे.

इतके झाल्यावरही एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. तिसरीतल्या एखाद्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल, तर ती का येत नाही, हे त्याच्या शिक्षकाला यांपैकी कोणत्या परीक्षेतून कळते? ते मूल कितव्या क्रमांकावर आहे, जिल्हा कितव्या क्रमांकावर आहे, हे कळेल. पण मुलाची समजूत नेमकी कोठे अडली, हे कळणे निराळे. पहिली गोष्ट मोजमापाची, दुसरी निदानाची. मोजमापाची यंत्रणा आपण उभारली. निदानाचे काम मात्र एकेकट्या शिक्षकावर सोपवून विसरून गेलो. हे काम एकट्याने होण्यासारखे नाही, आणि मंत्रालयातून किंवा पुण्याहून तर मुळीच होण्यासारखे नाही. शेजारशेजारच्या शाळांतील शिक्षकांनी एकत्र बसून प्रश्न काढावेत, उत्तरे एकत्र वाचावीत आणि पुढे काय शिकवावयाचे ते एकत्र ठरवावे, हाच त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

कायद्याने दिले, नोंदवहीने गिळले

निदानाची कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा बहुतेकांच्या लक्षात राहिला तो ‘नापास न करण्याचा कायदा’ म्हणून. परंतु त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन सांगितले आहे. आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून त्याला लागेल ती जादा मदत देणे हे २४ व्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या. मुलाला नापास करावयाचे नाही, कारण ते मागे पडण्याआधीच त्याची अडचण ओळखून दूर करावयाची, असा त्यातील तर्क होता.

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये या धोरणाचा तपशील ठरविला. मूल्यमापनाचे दोन भाग झाले: शिकणे चालू असतानाचे ते ‘आकारिक’ आणि सत्राच्या शेवटी घ्यावयाचे ते ‘संकलित’. मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये केलेला हा भेद जगभर मान्य झाला होता. मडके चाकावर असताना बोट लावून पाहणे वेगळे आणि भट्टीतून निघाल्यावर वाजवून पाहणे वेगळे. पहिल्याने मडके सुधारते, दुसऱ्याने त्याची फक्त किंमत ठरते. राज्याने पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार दिला आणि वरच्या इयत्तांत तो क्रमाने कमी करीत सातवी-आठवीसाठी ४० टक्क्यांवर आणला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधने सांगितली. कागदावर यात वावगे काही नव्हते.

प्रत्यक्षात काय झाले, हे शाळेशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आकारिक मूल्यमापनाचे रूपांतर नोंदवहीत झाले. प्रत्येक मुलाविषयी, प्रत्येक विषयात ‘वर्णनात्मक नोंद’ हवी. ती तपासायला अधिकारी येणार. ती अपुरी असेल तर शेरा मिळणार. साहजिकच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि पुढे त्या भ्रमणध्वनीवरून फिरू लागल्या. ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’ अशी वाक्ये शेकडो मुलांच्या नावापुढे उतरली. या नोंदींत मुलाची अडचण शोधू जाणाऱ्याला ती क्वचितच सापडेल. याचा दोष सर्वस्वी शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. एकटा शिक्षक, दोन किंवा तीन इयत्ता, आणि मागणी निदानाची नसून भरलेल्या रकान्यांची. अशा परिस्थितीत माणूस रकाने भरतो.

एका वजाबाकीचा धडा

निदान म्हणजे नेमके काय, हे वर्गातल्या एका नेहमीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ५०३ मधून २७८ वजा करावयाचे आहेत. बरोबर उत्तर २२५. उत्तर चुकले की वहीवर फुली पडते. परंतु चुकलेली उत्तरे एकाच जातीची नसतात. एक मुलगा ३७५ लिहितो. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. आठातून तीन, सातातून शून्य, पाचातून दोन. वजाबाकी म्हणजे दोन अंकांतला फरक एवढेच त्याला ठाऊक आहे. वरच्या संख्येतून काही काढून घ्यावयाचे आहे, हे त्याच्या मनात ठसलेले नाही. एक मुलगी ३२५ लिहिते. तिने एककाच्या घरी तेरातून आठ वजा केले, मधल्या शून्याचे नऊ केले, पण शतकाच्या घरचे पाच तसेच ठेवले. तिला रीत अर्धी आली आहे; दशकाच्या घरी आलेले नऊ कोठून आले, हा प्रश्न तिला पडलेला नाही. तिसरा मुलगा २७५ लिहितो. त्याने शतकातला एक थेट एककाला देऊन टाकला आणि शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातच खाली उतरविले.

तिघांनाही शून्य गुण. पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडवून वजाबाकीचा अर्थच पुन्हा सांगावा लागेल. दुसरीला शंभराची एक नोट मोडून दहा-दहाच्या नोटा करावयाच्या आणि हातात किती शंभराच्या उरल्या ते मोजावयास लावले, तर कदाचित एका तासात काम होईल. तिसऱ्याला स्थानिक किमतीचा पाया नव्याने घालावा लागेल. ‘वजाबाकीचा अधिक सराव घ्यावा’ हा सरसकट शेरा तिघांपैकी एकाच्याही उपयोगाचा नाही. पहिला मुलगा अधिक सरावाने आपली चूकच पक्की करील.

यातच दुसरा मुद्दा दडलेला आहे. प्रश्न ५८९ वजा २३४ असा विचारला असता, तर तिघांचीही उत्तरे बरोबर आली असती आणि तिघांच्याही प्रगतिपुस्तकात उत्तम शेरा पडला असता. निदान करणारा प्रश्न योगायोगाने तयार होत नाही. त्यातील संख्या अशा निवडाव्या लागतात, की प्रत्येक गैरसमजुतीतून वेगळे उत्तर बाहेर पडेल. तीन चतुर्थांश मोठे की एक चतुर्थांश, असे विचारले तर सगळा वर्ग बरोबर सांगतो. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारले की चार हा आकडा तीनपेक्षा मोठा म्हणून चतुर्थांशाला कौल देणारी मुले हात वर करतात. असे प्रश्न काढण्यासाठी विषयाच्या ज्ञानाबरोबरच मुले कोठे घसरतात याचा अनुभव लागतो, आणि तो कोणा एका शिक्षकापाशी पुरेसा नसतो.

येथे लहान शाळांची अडचण विशेष जाणवते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. अशा शाळेत तिसरीत पाच-सहा मुले असतात. त्यांतल्या एका मुलीने ३२५ लिहिले, तर शिक्षक तिला निष्काळजी ठरवून पुढे जाईल. त्याला दोष देता येणार नाही, कारण एका उदाहरणावरून नियम सांगता येत नाही. पण समजा, शेजारच्या दहा शाळांतील साठ वह्या एका टेबलावर आल्या आणि त्यांत ३२५ हे उत्तर दहा-बारा वेळा सापडले. मग तो निष्काळजीपणा राहत नाही. ती शिकवण्यातली एक समान उणीव ठरते. लहान शाळेला मोठ्या शाळेची दृष्टी मिळवून देण्याचा, एकही मूल गावाबाहेर न हलविता येणारा, हा उपाय आहे.

विखुरलेले ज्ञान

अर्थशास्त्रात एक जुना वाद आहे. सर्व माहिती मध्यवर्ती नियोजकाच्या हाती एकवटता येईल काय, या प्रश्नाला फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ मध्ये उत्तर दिले, की व्यवहाराला लागणारे पुष्कळसे ज्ञान स्थळकाळाशी बांधलेले आणि असंख्य माणसांत विखुरलेले असते. ते आकड्यांत घालून वर पाठविता येत नाही. हायेक यांची बाजारपेठेविषयीची सर्व मते मान्य करण्याचे कारण नाही; परंतु वर्गातील ज्ञानाला हे वर्णन चपखल लागू पडते.

मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल मराठीतील शाब्दिक उदाहरण सोडवू शकले नाही, तर त्याला वजाबाकी येत नाही की ‘शिल्लक’ हा शब्द कळला नाही, हे राज्यभर एकच असलेली प्रश्नपत्रिका सांगू शकत नाही. धडगावच्या किंवा भामरागडच्या शाळेतही हीच स्थिती. तेच उदाहरण एकदा शब्दांत, एकदा नुसत्या अंकांत आणि एकदा तोंडी, मुलाच्या बोलीत विचारले, की उत्तर मिळते. हे करावयाचे कसे, ते त्या टापूतल्या शिक्षकांनाच ठाऊक असते; आणि एकाला जे सुचले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची सोय आज जवळजवळ नाही.

२०१९ मधील एका वादाची येथे आठवण होते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते, की मराठीत आधी एकक व मग दशक बोलले जाते आणि लिहिताना क्रम उलटा असतो, त्यामुळे मुले अडखळतात. विरोधकांना यात भाषेचे नुकसान दिसले. दोन्ही बाजूंना आपापले तर्क होते. पण त्रेपन्न ऐकून पस्तीस लिहिणारी मुले किती, ती कोणत्या इयत्तेपर्यंत तशी लिहितात, आणि कोणत्या पद्धतीने शिकविल्यावर ती चूक जाते, याचा शेकडो वर्गांतून एकाच रीतीने गोळा झालेला पुरावा समोर असता, तर चर्चेची पातळी निराळी झाली असती. तसा तो नसल्यामुळे चर्चेचा मोठा भाग अस्मिता आणि विनोद यांतच खर्ची पडला.

गुण आले की सत्य दडते

एकत्रित चाचण्यांची सूचना पुढे येताच सरकारी यंत्रणेचा पहिला प्रश्न असतो तो ‘गुण कोठे भरावयाचे?’ हा. हाच प्रश्न साऱ्या कल्पनेचा घात करू शकतो. इंग्रज अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले: एखाद्या मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला, की ते मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. शिक्षणाला हा अनुभव त्याहून पुष्कळ जुना आहे. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या संहितेने इंग्लंडमध्ये शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी जोडले. ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. शाळा तपासायला डेप्युटी येणार म्हणून महिना-महिना पाठांतर करून घेणारे मास्तर त्याच पद्धतीची संतती होत. निकाल दिसत होता. शिकणे दिसेनासे झाले होते.

अलीकडचे उदाहरण दहावीचे आहे. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळांच्या हाती असलेले २० गुण पुढल्या वर्षी काढून घेतले गेले, आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले गेले, २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ मध्ये साथीमुळे परीक्षा रद्द होऊन सर्व मूल्यमापन अंतर्गत पद्धतीने झाले, तेव्हा ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. या चढउतारांना इतरही कारणे होती: बदललेला अभ्यासक्रम, कृतिपत्रिकेचे नवे स्वरूप, २०२० मध्ये रद्द झालेला भूगोलाचा पेपर. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. आपण हात आखडला तर आपलीच मुले प्रवेशाच्या रांगेत मागे पडतील, असे प्रत्येक शाळेला वाटले, तर प्रत्येक शाळा सढळ हाताने गुण देणार. यात कोणी विशेष अप्रामाणिक असण्याची गरज नसते. रचनाच तसे वागावयास लावते.

म्हणून निदानासाठी घेतलेल्या चाचणीचा गुणांशी आणि वरच्या कार्यालयाशी संबंध तोडणे ही पहिली अट होय. शिक्षणशास्त्रातील संशोधनही याच दिशेने जाते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले, की शिकणे चालू असतानाचे मूल्यमापन नीट झाले तर मुलांची प्रगती ठळकपणे वाढते, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा लाभ अधिक होतो. त्याआधी १९८८ मध्ये रूथ बटलर यांच्या प्रयोगात आढळले होते, की ज्या मुलांना केवळ सूचना दिल्या, ती सुधारली. ज्यांना सूचनांबरोबर गुणही दिले, त्यांच्या बाबतीत सूचनांचा परिणाम पुसला गेला. मूल गुण पाहते आणि वही मिटते. शिक्षकाचेही तसेच होते. त्याच्या वर्गाची सरासरी जाहीर झाली, की तो चूक शोधण्याऐवजी ती झाकू लागतो.

एकत्र बसण्याचे अर्थकारण

हे काम प्रत्यक्षात कसे चालेल? महाराष्ट्रात सुमारे दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख ही रचना १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आहे. अशी चार हजार आठशेंहून अधिक केंद्रे आहेत. केंद्राची शिक्षण परिषदही ठरलेली असते. याच बैठकीत एका इयत्तेच्या सर्व शिक्षकांनी पुढील तीन-चार आठवड्यांत शिकवावयाचा एक घटक निवडावा. त्यात मुले कोठे घसरतात याची यादी करावी. प्रत्येक घसरणीसाठी एक, असे पाचसहा प्रश्न काढावेत. वीस मिनिटांत सुटतील एवढेच. घटक शिकवून झाल्यावर सर्व शाळांत तेच प्रश्न द्यावेत. पुढल्या बैठकीला वह्या घेऊन यावे आणि त्यांचे ढीग करावेत. गुणांप्रमाणे नव्हे, चुकीच्या जातीप्रमाणे. ज्या शिक्षकाच्या वर्गात एखादी चूक कमी आढळली, त्याने ती गोष्ट कशी शिकविली ते सांगावे. बाकीच्यांनी ते करून पाहावे आणि तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा विचारावा.

यातील लाभाचा हिशेब अवघड नाही. चांगला प्रश्न तयार करण्याचा खर्च, म्हणजे वेळ आणि विचार, एकदाच करावा लागतो. तो दहा वर्गांत वापरला म्हणून झिजत नाही. दहा शिक्षकांनी आपापल्या घरी दहा सामान्य प्रश्नपत्रिका काढण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक चांगली काढावी, यात श्रमांची बचत आहेच, शिवाय गुणवत्तेची वाढ आहे. प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणती चूक उघड करतो, हे लिहून ठेवणारी केंद्राची एक साधी वही तीन-चार वर्षांत मोलाचा ठेवा होईल. शिक्षक बदलून गेला तरी त्याचा अनुभव मागे राहील. आज जिल्हांतर्गत बदली झाली, की शिक्षकाबरोबर त्याचे पंधरा वर्षांचे ज्ञानही गाव सोडून जाते.

‘वेळ कोठे आहे?’ हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन हवे, आणि शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह ४५ तासांचा. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर २०० दिवसांचे तेहतीस आठवडे होतात आणि शिक्षकाचे सुमारे १,५०० तास. त्यांतून अध्यापनाचे ८०० वजा केल्यावर कागदावर ७०० तास पूर्वतयारीसाठी उरतात. महिन्याला दोन तासांची बैठक दहा महिने घेतली तर वीस तास. म्हणजे त्या सातशेच्या तीन टक्क्यांहूनही कमी. तेव्हा वेळ नाही असे नाही. तो दुसरीकडे जातो. जनगणना, निवडणूक व आपत्ती-निवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे २७ वे कलम सांगते. पण माहितीचे तक्ते, प्रणालीवरील नोंदी, योजनांचे अहवाल यांना ते कलम शिवत नाही. बैठकांचे दोन तासही परिपत्रके वाचून दाखविण्यात संपतात. केंद्रप्रमुखांची पुष्कळ पदे दीर्घकाळ रिकामी ठेवून किंवा त्यांना केवळ टपाली बनवून ही रचना आपणच पोकळ केली आहे.

विचार जुना, अंमल अपुरा

शाळांनी समूहाने काम करावे ही कल्पना कोणा परदेशी तज्ज्ञाकडून उसनी आणण्याची गरज नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळासमूहाची योजना मांडली होती, आणि मूल्यमापनाच्या अधिक चांगल्या पद्धती या समूहांमार्फत सुरू कराव्यात असे सुचविले होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने हीच कल्पना उचलली आणि २०२० च्या धोरणानेही शाळासंकुलांचा आणि आकारिक मूल्यमापनाचा पुरस्कार केला. प्रत्येक पिढीत एकदा हा विचार छापला जातो आणि प्रत्येक वेळी त्याचा प्रशासकीय सांगाडा तेवढा उभा राहतो.

काम झाल्याचे दाखलेही आहेत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्याभोवती शिक्षकांनी एकमेकांशी बोलत, एकमेकांचे वर्ग पाहत शिकविण्याची रीत बदलली. ते पाहावयास राज्यभरातून शिक्षक गेले. परंतु परत आल्यावर पुष्कळ ठिकाणी उचलले गेले ते डोळ्यांना दिसणारे: फरशीवर आखलेल्या रेघा, भिंतींवरचे तक्ते. शिक्षकांनी एकत्र विचार करण्याची सवय ही डोळ्यांना दिसत नाही आणि आदेशाने येत नाही. जपानमध्ये शिक्षक एक पाठ मिळून तयार करतात, एकजण तो शिकवतो, इतर मुलांकडे पाहत टिपणे घेतात आणि मग पाठाची चिकित्सा करतात. चिकित्सा पाठाची होते, शिकविणाऱ्याची नव्हे. हा संकेत तेथे अनेक पिढ्यांनी जपला, म्हणून ती पद्धत टिकली.

आपल्याकडे नेमकी हीच भीती आहे. आपल्या वर्गातील चुका दहा जणांपुढे ठेवणे म्हणजे आपलाच पंचनामा, असे शिक्षकाला वाटते. आणि आजवरचा तपासणीचा अनुभव पाहता ते अकारण नाही. त्याबरोबरच, समान चाचणी म्हणजे समान शिकवणे, आणि त्यातून शिक्षकाचे स्वातंत्र्य जाईल, असाही आक्षेप घेतला जातो. पण प्रश्न समान असला म्हणजे शिकविण्याची रीत समान होते असे नाही. उलट, वेगवेगळ्या रीतींपैकी कोणती उपयोगी पडली, हे कळण्यासाठी प्रश्न समान असावाच लागतो. स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने गमावले जाते ते प्रश्नही वरून, उत्तरसूचीही वरून आणि सुधारणेचा कार्यक्रमही वरून येतो तेव्हा.

राज्यस्तरीय चाचण्या बंद कराव्यात, असा याचा अर्थ नाही. कोणत्या तालुक्याला अधिक शिक्षक हवेत, कोणते पाठ्यपुस्तक बदलावयास हवे, हे ठरविण्यासाठी मोजमाप लागते. ‘असर’च्या २०१८ च्या पाहणीने ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो हे दाखविले, तेव्हाच प्रश्नाचा आकार देशाला कळला. परंतु आकार कळणे आणि इलाज होणे यांत अंतर आहे, आणि ते वर्गातच तोडावे लागते.

शासनाला करावयाचे आहे ते फार खर्चाचे नाही. केंद्राच्या बैठकीतील दोन तास परिपत्रकांपासून मुक्त ठेवावेत. तेथे काढलेल्या चाचण्यांचे गुण कोणत्याही प्रणालीवर मागू नयेत. वर्णनात्मक नोंदींच्या वहीऐवजी चुकांची आणि उपायांची वही पुरेशी मानावी. केंद्रप्रमुखांची पदे भरावीत, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी तपासणीसाठी नव्हे, तर मागितले तेव्हा मदतीसाठी जावे. शिक्षक संघटनांनीही वेतन, बदल्या आणि निवृत्तिवेतन यांच्याच जोडीला या दोन तासांची मागणी करावी. शिक्षकाच्या व्यावसायिक प्रतिष्ठेचा प्रश्न त्यातही तितकाच गुंतलेला आहे.

पाचवीच्या वार्षिक परीक्षेत जे मूल अडते, ते त्या दिवशी अडलेले नसते. ते तिसरीतल्या एखाद्या आठवड्यात, मधल्या शून्यापाशी अडले होते. त्याच्या वहीवर फुली पडली आणि वर्ग पुढे गेला. तेव्हा ती चूक ओळखली असती, तर तिची किंमत शिक्षकाचा एक तास एवढीच होती. दोन वर्षांनी तीच किंमत वसूल होते ती मुलाच्या आयुष्यातील एका वर्षाने. आणि ती भरणारा आजपर्यंत त्या व्यवहारात कोठेच विचारला गेलेला नाही.